समतोल सेवा

आमचं मोंतेब्रान्दू गाव डोंगरमाथ्यावर आहे आणि रेल्वे स्टेशन पायथ्याशी. दोन्हींच्या मध्ये एकाच दोराला बांधलेले दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो जड होऊन खाली निघतो आणि खालचा आपसूक वर येतो. यंदा पाऊस कमी झाला, तेव्हा पाण्याऐवजी नागरिक भरावेत, असं नगरपालिकेनं ठरवलं.

एक पर्यटक वर यायचा, तर तेवढ्याच वजनाचा रहिवासी खाली जाणार. या योजनेला 'समतोल सेवा' असं नाव मिळालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. स्थूल नागरिकांचा जाहीर सत्कार झाला. जन्मभर डॉक्टरांची बोलणी खाल्लेली ती माणसं गहिवरून गेली.

पर्यटक मात्र परतताना डब्यात बसेनात. जुन्या दगडी पायऱ्या उतरताना फोटो छान येतात. म्हणजे आम्हाला वर ओढायला कोणीच नाही. आम्ही पायऱ्या चढून घरी निघालो, तर आमची घामेजलेली तोंडं फोटोत येतात अशी तक्रार झाली आणि पायऱ्या फक्त उतरण्यासाठी राखून ठेवण्यात आल्या. आमची रिकामी घरं पालिकेनं पर्यटकांना भाड्यानं दिली.

पाववाल्या फेलिस्मिनाबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या. उतरल्या उतरल्या त्यांनी नगराध्यक्ष आनिसेतुंना फोन लावला.

"अहो अध्यक्ष, मला घरी जायचंय. भट्टीशिवाय मला झोप लागत नाही."

"भावना समजल्या, बाई. पण रहिवाशाला वर आणायची तरतूदच नाही. पर्यटक असता तर गोष्ट वेगळी."

"मग पर्यटक कसं व्हायचं, तेवढं सांगा."

"घर आरक्षित करा. 'अस्सल पाववालीचं घर' रिकामं आहे बघा. मांजरासकट."

"मेल्या, मांजर माझंच आहे!"

बाईंनी स्वतःचंच घर आरक्षित केलं, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि डब्यात जाऊन बसल्या. वर रहिवासी एकच उरला होता, तो म्हणजे नगराध्यक्ष. माणूस सडपातळ, वजन भरेना म्हणून त्यांनी सोबत खुर्ची घेतली, मग फायली, मग स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी. तेव्हा कुठे डबा हलला.

मध्यावर दोन्ही डबे एकमेकांजवळून गेले.

"सुट्टी मजेत घालवा," अध्यक्ष सवयीनं म्हणाले.

"खाली कोबीचं सूप गरम आहे, पिऊन घ्या," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी माथ्यावर भट्टीचा धूर दिसला, तेव्हा स्टेशनवर आम्ही सगळे आनंदानं ओरडलो.

खिडकीत पाव घेऊन हसणाऱ्या फेलिस्मिनाबाईंचा फोटो आता जगभर फिरतोय. तो तुम्हीही पाहिलात, 'किती अस्सल गाव!' म्हणून चार जणांना पाठवलात आणि तिकीटही काढलंत. जरूर या. तुम्ही याल त्याच दिवशी बाईंचं आरक्षण संपतंय, म्हणजे त्या पुन्हा रहिवासी. खाली पाठवायला वर दुसरं कोणी नाही. तेव्हा तुमचं वजन तेवढं आधी कळवा.