हट्टी नाही, भ्यालेली

बाभुळगावच्या आमच्या वाचनालयातली कादंबरी उघडली, की लेखकाच्या जोडीला शैलाताईही भेटतात. त्या तिथल्या ग्रंथपाल. पानाचा कोपरा दुमडला तर वाचकाला चारचौघांत झापणाऱ्या ताई स्वतः मात्र पेन्सिलीने लेखकांना दुरुस्त करतात. तेही सगळीकडे नाही. गोष्टीत चौदा-पंधरा वर्षांचं पात्र आलं, की पेन्सिल सरसावते. लेखक लिहितो, ‘सुमन फार हट्टी होती.’ समासात बारीक अक्षर: ‘हट्टी नाही. भ्यालेली.’ ‘विजय रागाने ताटावरून उठला.’ त्यावर: ‘राग नाही. पोटात गोळा.’

एका कादंबरीच्या शेवटी नायकाचं थाटात लग्न झालं. ताई बेचैन. “लग्न ठीक हाये भाऊ, पण शाळेत होता तवा थो पोरगा रात्रंदिवस नखं खात होता, त्याचं काय झालं? लेखक इसरलाच!”

मी तहसीलमध्ये कारकून. आम्ही ऑफिसात यावर पुष्कळ हसायचो.

मग माझी मुक्ता दहावीत गेली. दारं आपटू लागली. बोललं तर उत्तर नाही. सराव परीक्षेच्या सकाळी तर शाळेत जायचंच नाही म्हणाली. “लाडानं बिघडली,” असं मी पुस्तक परत करताना ताईंजवळ बोलून गेलो.

त्यांनी मान वर केली. “सकाळी ओकते काय?”

ओकत होती. मी त्याला नाटक म्हटलं होतं.

संध्याकाळी ताई घरी आल्या. अभ्यासाचं नावही काढलं नाही. मुक्ताशेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने मुक्ताच म्हणाली, “ताई, पेपर हाती आला का मले अक्षरंच दिसत नाहीत.” घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलं कुठे होतं? ताईंनीच मागे लागून तिला यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडे न्यायला लावलं.

बोर्डाच्या गणिताच्या पेपरला मुक्ता कशीबशी आत गेली. ताई फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसल्या. ऊन चढलं. मी म्हणालो, “तुम्ही जा ताई, मी थांबतो.”

“नाई भाऊ.” त्या फाटकाकडे बघत होत्या. “मी या पेपराले गेलीच नव्हती. शाळेच्या मांगं भिंतीपाशी बसून राह्यली, पेपर सुटेस्तोवर. बाबा म्हणे, कामचुकार हाये. मंग मीबी तेच समजली. लय वर्षं.”

मीही त्यांच्याशेजारी बसलो.

घंटा झाली. मुक्ता रडवेल्या चेहऱ्याने बाहेर आली. “दोन गणितं राह्यली, ताई.”

“पूर्ण येळ बसली ना तू?”

“हो.”

ताईंनी तिचा हात धरला. घरापर्यंत सोडलाच नाही.