शामकलाबाईंचा पत्ता

शामकलाबाईंना आलेल्या पत्राला गोवर्धन कापगते यांनी उत्तर दिलं नाही, याचं कारण साधं होतं. शामकलाबाई नावाची बाई नव्हतीच. पण पत्र आलं होतं ते गोवर्धनजींच्या घरी, आणि हा पत्ता त्यांनीच लिहून दिला होता.

झालं ते असं. शेजारच्या टिकारामची रुचिका बारावीला होती. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तिने ‘सौंदडच्या गावतलावाचा बदलता वापर’ हा विषय घेतला, प्रश्नावल्यांचा गठ्ठा छापून आणला आणि ऐन धानकापणीत गावात हिंडायला निघाली. घरोघरी कुलपं. माणसं सगळी धानाच्या बांधीत, शेतावर. दिवसा घरी हमखास सापडणारा माणूस गावात एकच, गोवर्धनजी. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे, दारात कोणी आलं की गडबडून आधी चष्मा शोधणारे.

“आबाजी, एक फॉर्म भरून द्या ना जी.”

त्यांनी भरला.

“आता हे बी भरा. तुमच्याच मनानं. अक्षर तेवढं बदलवा.”

“अवं, पण ही लबाडी झाली.”

“कोनी भेटूनच नाई राहिलं तं मी काय करू? सोमवारी मॅडमले कच्ची प्रत दाखवाची आहे. पर्यावरण अटकलं तं माही बारावीच अटकते जी!”

नाही म्हणायचा सराव गोवर्धनजींना नव्हता. रुचिका गठ्ठा ठेवून गेली.

दुसऱ्या कोणी ‘हो’, ‘नाही’ अशा खुणा करून मोकळं झालं असतं. गोवर्धनजींनी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचली होती. स्वतः एक ओळ लिहायची हिंमत कधी झाली नव्हती. प्रश्नावलीच्या तळाशी ‘इतर सूचना’ म्हणून थोडी जागा होती. ते तिथे गुंतले. मासे धरणारा चैतराम त्यांनी डाव्या हाताने लिहिला. शामकला, वय साठ, पत्ता दुसरा न सुचल्याने स्वतःचाच, हिच्यासाठी तर कागदाची मागची बाजूही लागली. ‘घरी नळ आला तेव्हापासून मी घाटावर जात नाही,’ शामकला लिहीत होती. ‘पाणी चांगलं आहे. पण घाटावर कोणी ना कोणी विचारायचं, आज उशीर काऊन झाला? नळ काही विचारत नाही.’

वाचून पाहिल्यावर त्यांना ते अगदीच सुमार वाटलं. फाडणार होते, पण कोरा फॉर्म उरला नव्हता.

पुष्पांजली मॅडमना मात्र ते सुमार वाटलं नाही. कच्ची प्रत तपासताना त्यांनी पत्ता उतरवून घेतला आणि काही दिवसांनी पोस्टमन भूपेंद्र गोवर्धनजींच्या दारात उभा राहिला.

“आबाजी, तुमच्या इथं शामकलाबाई कोन आहे जी?”

खरं सांगावं तर रुचिका अडकते, आणि खोटं त्यांना झटकन सुचत नसे.

“आहे… एक,” ते म्हणाले.

भूपेंद्रला तेवढं पुरलं. संध्याकाळी टिकारामची बायको धुरपता लाखोरीची भाजी घेऊन आली. पातेलं चांगलं मोठं होतं.

“दोघाईले पुरन एवढी आनली,” गोवर्धनजींच्या खांद्यावरून स्वयंपाकघरात डोकावत ती म्हणाली. “लाजते का जी बाई?”

“नाही. बाहेर गेल्या आहेत.”

“एवढ्या अंधारात? एकटीलेच धाडलं? तुमी बी ना, आबाजी!”

दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. कोणी पेपर वाचायला आलं, कोणी पंचांग मागायला. ज्यांनी आजवर या घराचा उंबरठा पाहिला नव्हता ते स्वयंपाकघराकडे तोंड करून तासन् तास बसू लागले.

“जमलं म्हना तुमचं या उमरीत!” टिकाराम म्हणाला. “पन गावाले जेवन नाई देल्लं. हे काई बरोबर नाई केलं.”

गोवर्धनजी कानापर्यंत लाल झाले. घरात कप दोनच होते. त्यांनी आणखी विकत आणले. दूधही वाढवलं.

रुचिकाने संधी ओळखली आणि नवे फॉर्म छापून आणले. “काका, बसलेच आहा तं हा फॉर्म भरा.” बाई दिसेपर्यंत उठायचं कोणालाच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी तलावाबद्दल मन लावून सांगितलं. खरे फॉर्म वाढत गेले तसे तिने खोटे फाडले. चैतरामही गेला. उरली एकटी शामकला, कारण तिचा फॉर्म मॅडम मागणार हे नक्की होतं.

मग एके दुपारी रुचिका रडवेली होऊन आली.

“मॅडम म्हने, बाईचं उत्तर नाई आलं, बिमार असंल. रविवारी स्वताच भेटाले येऊन राहिल्या!”

“आता गं?”

“मारून टाका जी तिले. लिवा का बा शामकलाबाई वारली.”

गोवर्धनजी लिहायला बसले. ‘कळवण्यास दुःख होते की’ इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. मॅडमचं पत्र त्यांनी पुन्हा उघडलं. ‘मी बदलीने इथे आले,’ मॅडमनी लिहिलं होतं. ‘भाड्याच्या खोलीत नळ आहे. तुमचं वाचलं आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.’ अशा माणसाला मरणाची बातमी कशी द्यायची? शिवाय शामकला घरात आली तेव्हापासून घरात माणसं येऊ लागली होती.

त्यांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. शामकला म्हणून कोणी नाही, तिचं म्हणणं माझं आहे. बाकीचे फॉर्म आता गावकऱ्यांनी स्वतः भरले आहेत, हा एक वगळावा. दोष माझा. रविवारी आलात तर चहा मिळेल. खाली स्वतःची सही केली आणि पत्र रुचिकाला वाचून दाखवलं.

“मंग गेला ना माहा प्रकल्प!”

“नाही टाकत मग,” ते घाईने म्हणाले आणि पत्र घडी करू लागले.

रुचिकाने डोळे पुसले. “ते नळाचं… खरंच आहे का जी, आबाजी?”

गोवर्धनजी चष्मा शोधू लागले. तो नाकावरच होता.

“द्या इकडे,” ती म्हणाली आणि सहीखाली लिहिलं, ‘फॉर्म मीच दिले होते. रुचिका.’ “टाका आता. होईल ते होईल.”

पोस्टाच्या पेटीपाशी गोवर्धनजी बराच वेळ उभे राहिले. हात मनगटापर्यंत आत गेला, पण बोटं पाकीट सोडेनात. उद्या पोरीचं नुकसान झालं तर? मॅडमना राग आला तर? चहाचं लिहिलं ते आगाऊपणाचं तर नाही? एवढ्यात मागे भूपेंद्रची सायकल थांबली.

“बाईचं उत्तर का जी?”

“बाई गेल्या,” गोवर्धनजी म्हणाले.

“अरेरे! मंग हे कोनाले?”

“कॉलेजच्या मॅडमला. रविवारी येणार आहेत घरी. चहाला.”

भूपेंद्रने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“मानलं जी, आबाजी! एक गेली नाई तं दुसरी येऊन राहिली!”

“अरे, नाही नाही…” गोवर्धनजींनी दचकून हात बाहेर ओढला. हात रिकामा होता.