‘द’च्या खणातलं दूध

“आज फोन येणार म्हणजे येणारच!” ग्रंथपाल घरून निघताना बायकोला म्हणाले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातलं एकमेव धाडस केलं होतं. कोपऱ्यावरच्या छोट्या रेडिओ केंद्रावर रात्री अकरानंतर ते नवख्या बँडची, कुणीही न ऐकलेली गाणी लावत. लावल्यावरही ती कुणी ऐकत नसे! सहा महिन्यांत एक फोन नाही. शेवटी मॅनेजरबाईंनी सांगून टाकलं, “काका, आज एक तरी फोन यायला हवा. नाहीतर उद्यापासून ती वेळ जाहिरातींना.”

पस्तीस वर्षं वाचनालयात कुजबुजून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. म्हणून केंद्रातल्या तंत्रज्ञ पोरानं त्यांचा माइक इतका चढवून ठेवला होता, की शेजारून डास गेला तर हेलिकॉप्टर गेल्यासारखं वाटावं! माइक चालू असला की समोर लाल दिवा लागे आणि तो पाहून त्यांची बोबडी वळे. आज त्यांनी त्यावर वाचनालयाचं जुनं कार्डच चिकटवलं. दिवा दिसेना, भीती पळाली!

माइक बंद करायचा राहिला, हेही दिसेना.

गाणं सुरू झालं. वाद्यं म्हणजे बादल्या, करवत आणि शिलाई मशीन. अकरा मिनिटं, शब्द एकही नाही. तेवढ्यात मोबाइल थरथरला. बायको!

“अहो, फ्रीजमध्ये तुमची कादंबरी सापडलीय. दूध कुठाय?”

“पुस्तकांच्या कपाटात बघ ना.”

“कपाटात?”

“‘द’च्या खणात असेल.”

“बेचाळीस वर्षं काढली हो मी या माणसाबरोबर!”

“हळू बोल गं!”

“का? तुमचा कार्यक्रम ऐकतंय कोण? मीसुद्धा दहा मिनिटांत घोरते!”

ग्रंथपाल म्हणाले, “बंद करतायत गं तो. ही पोरं बादल्या बडवतात ना, ते ऐकलं की मला विशीत गेल्यासारखं वाटतं.”

“मग रोज रात्री गुडघे कुणाचे चोळते मी?” पण तिचा आवाज मऊ झाला होता. “सापडलं दूध. या लवकर.”

गाणं संपलं आणि सहा महिने मुका असलेला टेबलावरचा फोन किंचाळला!

“साहेब, टॅक्सीवाला बोलतोय. काय गाणं! त्यातल्या बाई थेट आमच्या हिच्यासारख्या! परत लावा!”

मग हॉस्पिटलातली नर्स. “पाच नंबरचे आजोबा झोपेनात. दूध नासलं तर नाही ना?”

मग खुद्द करवतवाला. “काका, आमच्या गाण्यात काय कमी होतं, ते आज कळलं!”

ग्रंथपालांनी कार्ड सोललं. खाली दिवा लालभडक!

शेवटचा फोन मॅनेजरबाईंचा. “तेवीस फोन, काका! कार्यक्रम चालू राहणार!”

ग्रंथपालांनी गुडघे विसरून उडी मारली.

“फक्त येताना काकूंना घेऊन यायचं.”

आता दोघं शेजारी बसतात. काकूंचा माइक जवळजवळ बंदच ठेवावा लागतो. परवा श्रोत्यांचं पहिलं पत्र आलं. ग्रंथपालांनी ते छातीशी धरून घरी नेलं, चष्मा पुसून वाचलं:

“कार्यक्रम फारच छान. मधेमधे मागे कुणीतरी कुजबुजत असतं, तेवढं बंद करा.”