उस्मान मास्तरांचं अमेरिकेचं गाणं

आमचे उस्मान मास्तर ट्रम्पेट वाजवता वाजवता विरून जायचे. माणूस समोर उभा, गालही फुगलेले. पण सूर बारीक होत होत पार कोयनेपलीकडे गेल्यासारखा वाटायचा. मग तसाच हळूहळू परत यायचा.

कारण असं, की साठ सालानंतर कधीतरी मास्तरांनी रेडिओवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं एक गाणं ऐकलं. लांबचं स्टेशन, आवाज सारखा जायचा-यायचा. मास्तरांना वाटलं, गाणंच तसं आहे. त्यांनी ते तसंच्या तसं बँडात बसवलं. मधली खरखरसुद्धा सोडली नाही. ती आमचा झांजवाला कोंडिबा झांजेवर खराटा फिरवून काढायचा.

मी क्लॅरिनेटला. पहाटेच्या धुक्यात कराडच्या घाटावर तालीम चाले. नदी दिसायची नाही, एकमेकांचे चेहरे दिसायचे नाहीत, नुसते मास्तर ऐकू यायचे. "गेलं, गेलं... लांब गेलं. थांबा रं! आता यायला लागलंय."

इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका पोरानं सांगितलं, या गाण्यांना सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. मास्तरांनी लगेच पाटी रंगवून घेतली: 'लग्नाची, मयताची व अमेरिकेची गाणी वाजवली जातील.'

एकच इच्छा होती त्यांची. कुणाच्या तरी लग्नात ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजावं. पण वरातीत सूर जरा लांब गेला, की नवरदेवाचा मामा ओरडलाच. "आवं मास्तर, दम संपला काय? सिनेमाचं लावा की!"

"कळ काढा पाव्हणं. अमेरिका काय हितं मसूर गावात हाय व्हय? यील की."

तोवर सिनेमाचं गाणं सुरू झालेलं असायचं. ते पहिल्यांदा उचलणारा मीच. पाव्हण्यानं नुसतं बघितलं तरी मला पुरायचं. आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही. मास्तर वर मलाच समजावायचे, "लोकांना कळत न्हाई गड्या. तू तरी काय करणार?"

मग त्यांच्या जमिलाचं लग्न ठरलं. आईवेगळी पोर. रेडिओचं बटण तीच फिरवायची. ते गाणंही तिलाच सापडलेलं.

"आज कोण आडवं येतंय बघतो," मास्तर म्हणाले. पाठवणीला गाणं सुरू झालं. कुणीच आडवं आलं नाही. वडूजचं वऱ्हाड ट्रकभर गप्प उभं होतं. गाणं निम्म्यावर आलं आणि ट्रम्पेट थांबली. थरथरत्या ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही.

ड्रायव्हरशेजारून जमिला म्हणाली, "गाडी बंद करो भाई. अब्बाका गाना पुरा होने देव."

इंजिन थांबलं. मास्तरांनी दोनदा ट्रम्पेट तोंडाला लावली. नुसता वारा. पुढचं सगळं मला येत होतं. मी क्लॅरिनेट उचललं, तर त्यांनी मान हलवली.

"जा बेटा," ते म्हणाले. "बाकीका अगली बार."

जमिला दर ईदला यायची. आल्या आल्या गाण्याची आठवण करायची. मास्तर चहा ठेवायचे, जावयाचं विचारायचे, पावसापाण्याचं बोलायचे, आणि एसटीची वेळ होऊन जायची.

एकदा तिला स्टँडवर सोडून येताना मी विचारलं, "मास्तर, आता तर कुणी अडवत न्हाई. वाजवत का न्हाई तुमी?"

मास्तर गाडी गेली त्या रस्त्याकडं वळले.

"वाजवलं तर संपंल की रं."