कोदू जोप सध्या काय वाचतात

कलावंत काम करत असतो तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. त्याचं काम थांबलं, की सध्या काय चाललं आहे हे विचारण्याची सोय मात्र प्रत्येक सुसंस्कृत समाजाने करून ठेवलेली असते. आमच्या सें-लुई या किनाऱ्यावरच्या शहरात ही सोय गेल्या वर्षीपासून झाली. तिला 'कलावंत परिचय तक्ता' म्हणतात.

तक्ता घेऊन माझी भाची किने आली. ती सांस्कृतिक केंद्रात कामाला आहे. (ही इमारत पूर्वी तांदळाचं गोदाम होती. तेव्हा बाहेर रांग असायची.)

"आत्या, चारच रकाने आहेत," ती म्हणाली. "सध्याचं वाचन, सध्या काय पाहता, प्रेरणास्थानं आणि हाती घेतलेलं काम. प्रदर्शनात भिंतीवर लावणार."

"आणि चित्र?"

"ते सावकाश आण ग. तक्ता बुधवारी हवा. या नाही, चौथ्या बुधवारी."

मी एकावन्न वर्षं काचेवर चित्रं काढते. आम्ही काचेच्या मागच्या बाजूने रंगवतो आणि लोक पुढच्या बाजूने पाहतात. म्हणून आमच्याकडे सही सगळ्यात आधी, तीही उलटी. मग बुबुळं, मग चेहरा, मग अंगावरचे कपडे, आणि शेवटी आभाळ. एकदा रंग चढला की दुरुस्ती नाही. (सही आधी करण्याची पद्धत आता इतर कलांतही आली आहे, असं ऐकते.)

हाती घेतलेलं काम माझ्याकडे त्याच आठवड्यात चालत आलं. ते आणलं याँदे न्जायने. आमच्याकडे जोप आणि न्जाय या दोन आडनावांना एकमेकांची टर उडवायचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि याँदे तो उंबऱ्यापासूनच बजावते.

"काय ग जोपीण, परात चाटून झाली का?"

"न्जायांनी ठेवलं असतं काही, तर चाटली असती."

एवढं झाल्यावर ती चटईवर बसली आणि पदराच्या गाठीतून एक फोटो काढला. तिचा नवरा मासांबा मासेमार होता. त्याला जाऊन चौथ्या शुक्रवारी वर्ष होणार होतं. त्या दिवशी घरी कुराणाचं पठण, सगळा कोळीवाडा येणार, आणि भिंतीवर त्याचं चित्र हवं. फोटो हा एवढाच. कुणाच्या तरी बारशाला मंडळी मासळीभाताच्या परातीभोवती बसली आहेत. मासांबाची टोपी स्पष्ट आली आहे, भातातला उजवा हात स्पष्ट आला आहे, चेहरा हलला आहे.

"त्याचा खोकला आठवतो मला," याँदे म्हणाली. "जिन्यावरची पावलं आठवतात. तोंड मात्र निसटत चाललंय, कोदू. रोज उठून बघते तर आणखी थोडं गेलेलं. तू म्हणे काही विसरत नाहीस."

"शुक्रवारी सकाळी घेऊन जा," मी म्हटलं.

अठ्ठावीस दिवस हातात होते. त्यांची विभागणी मी पुढीलप्रमाणे केली: वाचन नऊ, पाहणं सात, प्रेरणा अकरा, चित्र एक.

वाचनाचा रकाना सोपा वाटला होता. मी मनापासून वाचते ते काचा गुंडाळून येतात त्या वर्तमानपत्रांत. बातम्या आठ महिन्यांच्या शिळ्या आणि काच जिथे संपते तिथे फाटलेल्या. त्यामुळे तीन मंत्र्यांनी राजीनामा दिला की नाही हे मला अजून माहीत नाही, आणि माझं काही अडलेलंही नाही. पण हे भिंतीवर कसं लिहिणार? किनेने एक जाड पुस्तक आणून दिलं. त्याची पहिली चार पानं मी दोनदा वाचली. (दुसऱ्यांदा वाचताना ती पहिल्यांदा वाचल्याचं आठवलं नाही.) रकान्यात पुस्तकाचं नाव लिहिलं आणि पुढे, 'पुन्हा एकवार वाचते आहे.'

पाहण्यात माझं मन फार गुंतलं. माझ्या तरुणपणी पुलापलीकडे एक थिएटर होतं. तिथे दर आठवड्याला हिंदी सिनेमा लागायचा. एक अक्षर कळायचं नाही आणि सगळं कळायचं. ओढणी उडाली की आम्ही रडायला तयार व्हायचो. आम्ही सात जणी एका बाकावर बसायचो. त्यातल्या आता दोघी उरल्या आहेत, मी आणि याँदे. थिएटरमध्ये आता गाद्या विकतात. हे सगळं मी सविस्तर लिहिलं, तर किने म्हणाली, "आत्या, सध्याचं विचारलंय." तेव्हा खोडलं. सध्या मी समोरच्या बिरामच्या घरातला टीव्ही त्याच्या खिडकीतून पाहते. आवाज येत नाही. लिहिलं, 'मूकपटांचा अभ्यास.'

प्रेरणेला अकरा दिवस लागले कारण ती येईना. प्रेरणा म्हणजे काय, याची मला एकावन्न वर्षांत गरज पडली नव्हती. गिऱ्हाईक यायचं आणि घोडा, होडी किंवा आजोबा सांगून जायचं. किनेने नमुन्यादाखल इतर कलावंतांचे तक्ते दाखवले. त्यांतल्या एकोणीस जणांना समुद्रापासून प्रेरणा मिळत होती आणि त्यांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. मी 'माणसांचं तीक्ष्ण निरीक्षण' असं लिहिलं. एक ओळ रिकामी राहिली म्हणून 'आणि समुद्र' असंही लिहिलं.

बुधवारी तक्ता गेला. गुरुवारी मी काच पुसली.

चेहरा फोटोत नव्हताच. तो मी आठवणीतून काढला, आणि खोटं कशाला बोलू, त्याला दुपारच्या चहाच्या तीन फेऱ्यांहून जास्त वेळ लागला नाही. बाकीचं फोटोवरून उतरवायचं होतं. त्यासाठी आधी पातळ कागदावर छाप घेऊन तो पालथा करायचा असतो, म्हणजे काच उलटली की सगळं सुलट दिसतं. शिकाऊ पोरींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. पण घाई होती. मी काच तशीच फोटोवर ठेवली आणि गिरवली.

शुक्रवारी सकाळी काच उलटली. मासांबा डाव्या हाताने जेवत होता.

सगळा कोळीवाडा येणार. इमाम येणार. ज्या हाताला ताटात जागा नाही तो हात मेलेल्या माणसाने परातीत बोटांपर्यंत बुडवलेला. मी स्पष्टीकरणं तयार केली. पहिलं, हा आधुनिक दृष्टिकोन आहे. दुसरं, तो हात दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तिसरं ठरण्याच्या आत याँदे आली.

तिने काच मांडीवर घेतली. टर उडवली नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"काय?"

"डावरा होता ते. लहानपणी बापाने हात बांधून ठेवून उजव्याची सवय लावली. चारचौघांत उजव्याने खायचा आणि अर्धपोटी उठायचा. घरी आला की म्हणायचा, दार लाव. मग आम्ही दोघंच जेवायचो. बेचाळीस वर्षं दार लावलं मी. पोरांनासुद्धा माहीत नाही."

त्या माणसाबरोबर मी एका परातीत कितीदा जेवले असेन, मला कधी दिसलं नव्हतं. निरीक्षणाबद्दलची ओळ तक्त्यात होती. ती मी तशीच राहू दिली.

याँदेने काच ओढणीत गुंडाळली. "ही आतल्या खोलीत लावते. बाहेरच्या खोलीसाठी दुसरी काढ, लोकांसाठी. उजव्या हाताची. पठण दुपारी आहे." दारापाशी जाऊन वळली. "तोंड हेच ठेव. आणि भात जरा कमी दाखव, जोपांनी काढलाय ते कळतं."

दुसरी काच मी दुपारपर्यंत काढली. छाप पालथा करून.

प्रदर्शनाला द्यायला माझ्याकडे चित्र उरलं नाही. केंद्राने त्याबद्दल काही तक्रार केली नाही. माझा तक्ता चौकटीत घालून रिकाम्या भिंतीवर लावला, वर दिवा सोडला. पहिल्या दिवशी एकशे सात माणसांनी तो उभ्याने वाचला. चौघांनी पुस्तकाचं नाव लिहून घेतलं. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की रिकामी भिंत त्यांना अस्वस्थ करून गेली.

तुम्हीही शेवटपर्यंत वाचलंत, त्याबद्दल आभारी आहे. मी काय वाचते, काय पाहते, मला प्रेरणा कुठून मिळते, हे तुम्हाला आता याँदेपेक्षा जास्त माहीत आहे. मासांबा दिसायला कसा होता, हे मी कुठेच सांगितलं नाही, आणि तुमचं काही अडलं नाही.