बोटभर आत

पूल तपासणी कक्षात कुणी बोलायचं ते गिळलं, की उत्तरेकडची भिंत बोटभर आत सरकते. भिंत ढकलू नये, असं परिपत्रक आहे. रोज सव्वापाचला शिपाई गुलाबताई टेप लावून खोली मोजतात, एवढंच.

विशाखा डोईफोडे तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाली, तेव्हा भिंतीलगत कपाट होतं. आता कपाट नव्हतं, आणि आरेखक अस्लमभाई पोट आत ओढून टेबलाशी बसत. कक्षप्रमुख वाघमोडे साहेब शांत माणूस. "आमच्याकडे तीन वर्षांत कुणाचा आवाज चढलेला नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. वरच्या मजल्यावरच्या निविदा शाखेतही कधी चढला नव्हता. तिथे आता नुसतं दार उरलं होतं, चौघांच्या नावांच्या पाट्यांसकट. विशाखा त्या दाराकडे बघत नसे.

सोमवारी साहेबांनी ओढ्यावरच्या पुलाचा अहवाल तिच्यापुढे सहीला ठेवला. जड वाहनांस योग्य. तिसऱ्या खांबाला तडा होता. विशाखाने स्वतः त्यात पट्टी घालून पाहिली होती. तिने साहेबांचा प्रसन्न चेहरा पाहिला आणि सही केली. मग दिवसभरात चारदा ती त्यांच्या टेबलापर्यंत गेली, आणि चारदा पाण्याची बाटली भरून परतली.

सव्वापाचला भिंत आणखी पाच बोटं आत आली होती. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मंगळवारी अस्लमभाईंना खुर्चीत शिरता येईना. ते उभ्यानेच नकाशा काढू लागले. पाठीला चुना लागला होता.

"तुम्ही काही बोलत का नाही?" विशाखाने विचारलं.

"भिंतीशी काय बोलणार, ताई?"

विशाखा उठून साहेबांच्या टेबलाशी गेली, या वेळी बाटली न घेता.

"सर, तुमचा अहवाल चुकलाय. मी सही मागे घेते."

"तडा मी पाहिलाय. गिलाव्याचा आहे."

"नाही. माझी पट्टी चार इंच आत गेली."

"मग काल का नाही बोललात?"

"तुमची भीती वाटली."

साहेबांचा आवाज चढला. तिचाही चढला. अर्ध्या तासाने अस्लमभाईंनी खांबाचा जुना नकाशा आणून दोघांच्या मध्ये पसरला. तिघंही त्यावर वाकले. जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी फोन करून पूल बंद करायला सांगितला.

सव्वापाचला गुलाबताईंनी टेप लावली. पुन्हा एकदा लावली.

"बोटभर आलीय," त्या म्हणाल्या.

विशाखाने मनात चाचपून पाहिलं. काही उरलं नव्हतं. अस्लमभाईंनी नकारार्थी मान हलवली. गुलाबताईंनीही.

साहेबांनी उठून दाराला आतून कडी घातली.

"अस्लमभाई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा," ते म्हणाले. "हे बोटभर माझं आहे. असे पूल आणखी दोन आहेत."