अर्थशास्त्रज्ञाची दाढ

चहाच्या पहिल्याच घोटाला दाढेतून अशी कळ गेली की प्राध्यापक गाल धरून स्वयंपाकघरातच मटकन खाली बसले. नेहमीचे दंतवैद्य परगावी गेलेले. शेवटी बायकोने कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात फोन केला आणि मुक्त बाजाराच्या या थोर पुरस्कर्त्याला हाताला धरून तिथे नेलं.

परवाने बंद करा, हे प्राध्यापकांचं जन्मभराचं म्हणणं. त्यापायी त्यांनी सरकारी सल्लागाराची खुर्ची सोडली, मंत्र्यांशी वैर घेतलं, उशीइतका जाड ग्रंथ लिहिला. न्हावी असो की डॉक्टर, वाईट माणसाला बाजारच घरी बसवतो, असं ते ठासून सांगत.

"आणि तो घरी बसेपर्यंत जे पेशंट वर जातात, त्यांचं काय?" बायको विचारी. त्यावर ग्रंथात एक तळटीप होती.

खुर्चीत आडवं होताच त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे नुसते खिळे होते. पदवी नाही, परवाना नाही, काही नाही.

"सर, तुमच्या ग्रंथानं माझं आयुष्य बदललं!" तरुण डॉक्टर गहिवरून म्हणाला.

"त्याआधी काय करत होतात?"

"भीत होतो, सर. सरकारला, नियमांना. आता कुणाच्या बापाला भीत नाही." इंजेक्शन भरताना त्याचा हात थरथरत होता.

"हात का कापतोय?"

"पहिल्यांदाच ना, सर."

"काय पहिल्यांदा?"

"एवढा मोठा माणूस या खुर्चीत. आ करा."

सुई टोचली. ओठ बधिर झाले, जीभ जड झाली. परवाना मागावा, तर जन्माची तत्त्वं मातीत. न मागावा, तर जबडा मातीत.

"अहो, विचारा की," बायको स्टुलावरून कुजबुजली. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. एवढ्यात थंडगार चिमटा दाढेला लागला आणि प्राध्यापकांनी डॉक्टरचं मनगट गच्च पकडलं.

"फरवाना! आधी फरवाना दाखफा!"

डॉक्टरचा चेहरा पडला. त्याने कपाटातून चौकटी काढल्या. "आहे ना, सर. सगळं आहे. तुम्ही येताय असा बाईंचा फोन आला, तेव्हाच उतरवून ठेवलं. म्हटलं, तुम्हाला राग यायचा."

प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला. चष्मा लावून, चौकट छातीशी धरून, ते एकेका ओळीवरून बोट फिरवू लागले. नाव, शिक्का, सही. सरकारी शिक्का इतका देखणा असतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या ओळीवर मात्र बोट थांबलं.

"ही तर... फुदत संफलीय?"

"संपणारच, सर!" डॉक्टरचा चेहरा पुन्हा खुलला. "तुमचं मागचं भाषण ऐकलं, त्याच दिवशी ठरवलं. नूतनीकरण करायचंच नाही!" आणि त्याने अभिमानाने चिमटा उचलला.